बिनखिळ्याचं घर

हर्सूलच्या नव्या घरात राहायला येऊन तीन महिने होत आले, तरी भिंतीत एक खिळा म्हणून नव्हता. घड्याळ फ्रिजवर उताणं पडून वेळ दाखवायचं. किती वाजले ते बघायचं तर माणसाने टाचा उंचावून डोकवायचं. सुरेखाच्या आईवडिलांचा फोटो कपाटात, साड्यांच्या घडीत. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या कडीला सुतळीने बांधलेलं, दार लोटलं की अख्खा महिना फडफडायचा.

कारण एकच. खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी नव्हती. आणि घरमालक म्हणजे खुद्द सुदर्शन औताडे, निवृत्त हवालदार. माजी सैनिकांच्या गृहनिर्माण संस्थेच्या सोडतीत त्याचं नाव निघालं, तेव्हा सुरेखाने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आता स्वतःच्याच घरात स्वतःच भाडेकरू होऊन बसलेला असा माणूस उभ्या हर्सुलात दुसरा सापडला नसता.

त्याला वेडा म्हणू नका. फौजेत क्वार्टर मिळतं तेव्हा नळापासून कडीकोयंड्यापर्यंत सगळं मोजून ताब्यात देतात, आणि बदली झाली की तसंच मोजून परत घेतात. त्याला म्हणतात मार्चिंग आउट. लष्कराच्या बांधकाम खात्याचा माणूस बॅटरी घेऊन येतो, काचा ठोठावतो, भिंतीवरून हात फिरवतो. भोक सापडलं की झाली ब्रेकेज, आणि ब्रेकेजची भरपाई जवानाच्या नावावर. सुरेखाने जोधपूरला, झाशीला, मिसामारीला, जिथं जिथं संसार मांडला तिथं तिथं निघायच्या आदल्या दिवशी गुडघ्यांवर बसून भिंतीतली भोकं टूथपेस्टने बुजवली होती. पांढऱ्या भिंतीत पांढरी पेस्ट, वरून बोट फिरवलं की काम फत्ते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. फौजी माणसाचं तर पाठीवरून खाली उतरतच नाही.

"अहो, ही भिंत आपली हाय," सुरेखा म्हणायची.

"व्हय गं. ठोकू की. काय घाई हाय?"

घाई नव्हती, हेच तर त्याचं दुखणं होतं. चोवीस वर्षं कुणी ना कुणी त्याच्या मागं घाई लावून होतं. आता पहाटे चारला डोळे उघडायचे आणि उघडून करायचं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. तो उठून तलावापर्यंत चालत जायचा, चालत परत यायचा. वाटेत तुरुंगाच्या उंच भिंतीवरचा पहारेकरी दिसायचा आणि सुदर्शनला त्याचा चक्क हेवा वाटायचा. याला निदान ठाऊक आहे, नजर कशावर ठेवायची ते.

घरी येऊन बघावं तर मायलेकी अजून झोपलेल्या. मग तो हॉलमधल्या पेट्यांवर बसायचा. काळ्या पत्र्याच्या पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, हुद्दा, आणि वर सुरेखाने अंथरलेली फुलाफुलांची चादर. पाहुणेही तिथंच बसायचे. त्यातल्या निम्म्या पेट्या अजून उघडलेल्याच नव्हत्या. श्रेया, अकरावीतली लेक, एकदा म्हणाली, "पप्पा, आपण सोफा घेऊ ना." तो म्हणाला, "सोफा न्यायला लई त्रास होतो." कुठं न्यायला, हे श्रेयाने विचारलं नाही. तिने तिच्या खोलीत भिंतीला चिकटपट्टीने अभ्यासाचं वेळापत्रक लावलं होतं, तेवढ्यावर तिने भागवलं.

नोकरी नव्हती असंही नाही. माजी सैनिकांना कामाला लावणाऱ्या महामंडळाने त्याला वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लावलं होतं. फाटकातून ट्रक आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, पाळी सुटली की कामगारांचे डबे तपासायचे. पगार वेळेवर, साहेब लोक बोलायला बरे. तक्रार करायला जागा नव्हती, आणि जागा नसली की माणूस आतल्या आत कुढतो. नव्याचे नऊ दिवस सरले आणि फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"बैठो ना जरा," गयास म्हणायचा. "तुमच्या पायाला भिंगरी लावलीय का काय?"

गयास त्याच्याच पाळीत होता. तोही फौजेतून आलेला, पण आठ वर्षांपूर्वी, म्हणून आता पक्का शहरी. छावणीत त्याचं घर, बायको सगीरा, गच्चीवर कबुतरं. त्या शुक्रवारी चहाच्या वेळी सुदर्शनने त्याच्याजवळ पोटातलं बाहेर काढलं. डीएससीत, म्हणजे निवृत्त जवानांना पहाऱ्याच्या कामावर पुन्हा भरती करून घेणाऱ्या दलात, त्याने नाव दिलं होतं. वैद्यकीय तपासणीही झाली होती. आता बोलावणं आलं. पुढच्या गुरुवारी मनमाडहून गाडी धरायची, थेट केरळात कन्नूरला. तिथून मग देशात जिकडं पाठवतील तिकडं. फॅमिली अर्थातच इथं.

"भाभीला सांगितलं?"

"सांगतो."

"कब? गाडी में बैठने के बाद?"

सुदर्शनने कप तोंडाला लावला, त्यात चहा उरला नव्हता.

"देखो, मेरा भी ऐसाच हुआ था," गयास म्हणाला. "दो साल सगीरा मेरेकू बोलती, तुम घर में ऐसे बैठते जैसे वेटिंग रूम में बैठे."

"मग?"

"मग क्या. बैठा रहा. गाडी आयीच नै."

गयास स्वतःच्या बोलण्यावर खो खो हसला. सुदर्शनला काही हसू आलं नाही. त्याची गाडी येणार होती, आणि ती चुकवायची त्याची इच्छा नव्हती. बायकोला सांगायची हिंमत मात्र होत नव्हती. सीमेवर रात्र रात्र उभा राहिलेला माणूस, पण सुरेखा पोळी लाटायला बसली की तिच्यासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी सकाळी दहाला सचिव तात्यासाहेब सर्व घरांचं निरीक्षण करतील. संस्थेचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. घर मिळाल्यापासून तीन महिन्यांत तिथं माणूस राहायला आला पाहिजे. कुलूप दिसलं, भाडेकरू दिसला किंवा घर नुसतं अडवून ठेवलेलं दिसलं, तर ते काढून प्रतीक्षेतल्या पुढच्याला. पुढचं नाव होतं रत्नमालाबाईंचं. नवरा सीमेवर कामी आलेला, दोन लेकरं घेऊन त्या छावणीत भाड्याच्या खोलीत दिवस काढत होत्या. त्यामुळे तात्यासाहेब कुणाची भीडमुर्वत ठेवणार नव्हते.

निरीक्षण! तो शब्द वाचला आणि सुदर्शनच्या अंगात वारं शिरलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी येऊन बघणार होतं, तपासणार होतं, शेरा मारणार होतं. सुरेखा आणि श्रेया शनिवारी पहाटेच फुलंब्रीला निघाल्या, सुरेखाच्या भाचीचा साखरपुडा होता. रविवारी सकाळी परतणार होत्या. जाताना सुरेखा म्हणाली, "ते तात्यासाहेब येतेत म्हने. जरा झाडून घ्या फक्त."

जरा झाडून घ्या! हवालदाराला निरीक्षणाच्या आदल्या दिवशी असं सांगणं म्हणजे वाघाला जरा पाला खा म्हणणं.

सुदर्शनने बाह्या सरसावल्या. आधी स्वयंपाकघर. डबे पुसून पेटीत, पातेली कापडात गुंडाळून पेटीत, शेगडी कोरडी करून तिची नळी गुंडाळून ठेवली. मग कपडे. मग श्रेयाची पुस्तकं. वेळापत्रकाची चिकटपट्टी त्याने लोण्यातून केस ओढावा तशी हलक्या हाताने ओढून काढली आणि खाली राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसला. कॅलेंडर उतरवलं. उंबऱ्यावरची रांगोळी धुतली. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीने फरशीवर मातीचा गोल डाग पाडला होता. कुंडी जिन्यात नेऊन ठेवली आणि डाग काथ्याने घासला. पेट्या उंचीप्रमाणे रांगेत लावल्या, नावं बाहेरच्या बाजूला, कुलपं एका रेषेत.

हे करताना तो चक्क गुणगुणत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातांना काय करायचं ते माहीत होतं. मधे एकदा, सुरेखाच्या आईवडिलांचा फोटो पेटीत ठेवताना, तो थांबला. हे आपण निरीक्षणासाठीच करतोय ना, असं त्याने स्वतःला विचारलं. मग झाकण लावून टाकलं. त्या रात्री तो सतरंजीवर झोपला आणि गाढ झोपला.

रविवारी दहाच्या ठोक्याला तात्यासाहेब दारात. निवृत्त सुभेदार मेजर, सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, पण काठी टेकायची कमी आणि दाखवायची जास्त.

"जय हिंद, साहब!"

"जय हिंद. लई चकचकीत हाय की रे दार."

ते आत आले. नळ सोडून बघितला, बंद केला. गॅलरीत गेले. भिंतीवरून हात फिरवला, अगदी तसाच. सुदर्शनचं काळीज सुपाएवढं झालं. मग तात्यासाहेबांनी स्वयंपाकघराची फळी बघितली. रिकामी. श्रेयाच्या खोलीतलं टेबल. रिकामं. न्हाणीघरात साबणाची वडीसुद्धा नव्हती. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"औताडे, हितं कुणी राहतंय का?"

"म्हंजे, साहब?"

"म्हंजे माणसं. माणसं राहत्येत का? का नुसतं अडवून ठिवलंय?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि सुरेखाचा आवाज आला, "अगं बया, माझी तुळस कुणी हितं आणून ठिवली?" ती काखेत कुंडी आणि हातात पिशवी घेऊन आत आली, मागून श्रेया. आत येऊन दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या. सुरेखाने एकदा ओट्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं. श्रेया धावत तिच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "पप्पा, माझं वेळापत्रक?"

"राहतो की आम्ही, तात्यासाहेब," सुरेखा म्हणाली. "परवापस्तोर तर राहत व्हतो."

तात्यासाहेबांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते पेट्यांच्या रांगेसमोर उभे होते. काठीच्या टोकाने त्यांनी एक कुलूप हलवलं. म्हातारा तीस वर्षं फौजेत काढून आलेला, असली रांग त्याने कित्येकदा स्वतः लावली होती. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

"मार्चिंग आउट केलंस की रे तू," ते हळू म्हणाले. मग एकदम खड्या आवाजात, "पोस्टिंग कहाँ?"

विचार करायला वेळ असता तर सुदर्शनने काहीतरी बोलून निभावून नेलं असतं. पण सुभेदार मेजरच्या तोंडून तसा प्रश्न आला आणि त्याच्या टाचा आपोआप जुळल्या.

"कन्नूर, साहब! डीएससी. गुरुवारची गाडी."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. सुरेखाने कुंडी खाली ठेवली. धुतलेल्या फरशीवर मातीचा गोल पुन्हा उमटला.

मग सुरेखा म्हणाली, "कंच्या पेटीत हाय माझं पातेलं? तात्यासाहेबांना च्या करायचाय."

"सुरेखा, मी तुला सांगणारच..."

"पातेलं."

त्याने पेटी उघडली. तिने पातेलं काढलं, साखरेचा डबा हुडकला, शेगडीची नळी सरळ केली. चहा झाला. तात्यासाहेब पेटीवर बसून तो प्याले.

"बी इमारतीत एक कुलूपबंद घर घावलंय," कप ठेवत ते म्हणाले. "ते रत्नमालाबाईला जाईल, तेवढी काळजी मिटली. पण तुज्या घराबाबत मी कमिटीला काय सांगू? हितं कोण राहतंय?"

"ह्या दोघी राहतात, साहब."

"आन् तू?"

सुदर्शनने त्यांचा रिकामा कप उचलला.

"म्या पुढच्या रविवारी येतो," म्हातारा उठत म्हणाला. "सूनबाई, च्या लई फक्कड झाला."

ते गेल्यावर सुदर्शनला वाटलं, आता भांडण होणार. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सुरेखा पदराला हात पुसत त्याच्यासमोर पेटीवर बसली.

"चोवीस वर्षं तुमी म्हनलाव बांध, की मी बांधलं. कुटं चाललो हे कदी इचारलं का? आता बी अडवत नाय. जायचं तर जा. पन एकच सांगा. तिकडून बोलावनं आलं म्हून चाललाव, का हितं राहायचं भ्या वाटतंय म्हून?"

त्याला राग यायला हवा होता. हवालदार औताडेला भय वाटतं? पण राग आलाच नाही.

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. "तिकडं सगळं ठावं असतंय गं. उठायचं कवा, उभं राहायचं कुटं. हितं सकाळी उठतो तर कुनी काय सांगत नाय. आन् हितून पुढं बदली नाय, काय नाय. ह्याच घरात म्हातारा व्हनार, ह्याच घरातून उचलून नेतील. ते मनात आलं की पाय थाऱ्यावर राहत नाय."

"मला काय, गंमत वाटती का?" सुरेखाचे डोळे भरून आले. "मी बी कुटं राहिलेय एका जागी? खालच्या मजल्यावरच्या बाईसंगं काय बोलावं, हे मला बी कळत नाय. बोलले आन् बदली झाली तर, आसं मनात येतंय. पन म्या तुळस लावली. भीत भीत लावली, पन लावली."

तो उठला. माळ्यावरून हातोडी काढली, डब्यातून खिळा. फ्रिजवरचं घड्याळ श्रेयाच्या हातात दिलं. हॉलच्या मधल्या भिंतीपाशी उभा राहिला आणि खिळा टेकवला. हातोडी उचलली आणि तशीच खाली घेतली. बंदूक धरताना न अडलेला हात एवढ्याशा खिळ्यापुढं अडावा, याची त्याची त्यालाच लाज वाटली, म्हणून त्याने हातोडी जरा जोरातच हाणली. खिळा वाकडा उडाला आणि गिलाव्याचा पोपडा बशीएवढा खाली आला. भिंतीला हे भलंमोठं भगदाड.

"आगं आई गं," सुरेखा म्हणाली आणि झटक्यात आत धावली. बाहेर आली ती पिशवीतली टूथपेस्टची नळी घेऊन, टोपण काढूनच. भिंतीपाशी गुडघे टेकायला ती वाकलीसुद्धा.

सुदर्शनने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "कुनाला दाखवायचंय?"

सुरेखा नळीकडं बघत राहिली, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. श्रेया घड्याळ छातीशी धरून दोघांकडं बघत होती. जरा बाजूला, धड जागेत, दुसरा खिळा बसला.

म्हणून काही जादू झाली नाही. जित्याची खोड अशी एका खिळ्याने जात नाही. सोमवारी पहाटे चारला डोळे उघडलेच. मंगळवारी त्याने न बोलता एक पेटी पुन्हा भरली, बुधवारी सुरेखाने न बोलता ती रिकामी केली. गुरुवारी तर त्याची दशा बघवत नव्हती. फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नुसता येरझारा घालत होता. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा एक ट्रक फाटकात उभा होता आणि ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवून होता. सुदर्शनला भोंगा ऐकूच आला नाही. गयासने ट्रक आत घेतला आणि चहाचा कप त्याच्या हातात आणून दिला.

"गयी?"

"गेली."

गयास या वेळी हसला नाही. दोघांनी उभ्यानेच चहा घेतला.

रविवारी दहाला तात्यासाहेब आले. उंबऱ्यावर रांगोळी होती, ती पुसली जाऊ नये म्हणून सुरेखाने त्यांची काठी हाताने अडवली. फळीवर डबे, श्रेयाच्या भिंतीवर वेळापत्रक, भांडी घासायची राहिलेली. पेट्या गॅलरीत उघड्या पडल्या होत्या, एकीत कांदे. हॉलमध्ये घड्याळ जरा तिरकं, शेजारी फोटोत सुरेखाचे आईवडील, आणि दोघांच्या मधे ते भगदाड.

म्हाताऱ्याने भगदाडात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बोटाला लागलेली वाळू त्यांनी सुदर्शनला दाखवली.

"हे काय?"

"ब्रेकेज, साहब."

"कुणाच्या नावावर मांडू?"

सुदर्शनच्या टाचा जुळायला निघाल्या होत्या. जुळल्या नाहीत. तो तसाच, पाय फाकून, आपल्या फरशीवर उभा राहिला.

"माझ्या," तो म्हणाला. "घर माझंच हाय, साहब."

तात्यासाहेबांनी मान हलवली आणि बसायला जागा शोधली. पेट्या तर गॅलरीत गेल्या होत्या, म्हणून सुरेखाने त्यांना सतरंजी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.